कशावरून?

जूनमधली रात्र. घड्याळात साडेनऊ, खिडकीबाहेर लख्ख ऊन. सहा वर्षांच्या लेकीला म्हटलं, "चल, रात्र झाली, झोप आता." तिनं आधी बाहेर बघितलं, मग माझ्याकडे.

"कशावरून?"

फिनलंडमधल्या आमच्या ताम्पेरे शहरात जूनमध्ये सूर्य मावळतो तो 11 वाजून गेल्यावर. म्हणजे रात्र झाल्याचा माझ्याकडे पुरावा एकच, घड्याळ. तसं सांगितलं, तर म्हणते, "पण ते तर तूच मार्चमध्ये पुढे केलंस." केलं होतं खरं. इथे वर्षातून दोनदा काटे सरकवावे लागतात, आणि स्टुलावर चढून मी ते करत होते तेव्हा ही खाली उभी राहून बघत होती. वर डिसेंबरात मीच तिला सांगितलेलं, की दुपारी तीनला अंधार पडला म्हणून काही रात्र होत नाही. माझंच वाक्य सहा महिन्यांनी माझ्यावर उलटलं.

हे खूळ आलं तिच्या एसिओपेतुसमधून. शाळा इथे सातव्या वर्षी सुरू होते. त्याआधीचं हे एक वर्ष, 2015 पासून सगळ्यांना सक्तीचं आणि फुकट. तिथल्या बाई (मुलं त्यांना सरळ नावानं हाक मारतात, माझ्या तोंडून मात्र अजून बाईच येतं) दिवसातून दहा वेळा एक प्रश्न विचारतात, "मिस्तॅ तिएदॅत?" म्हणजे, तुला हे कुठून कळलं? लेकीनं त्याचं घरगुती भाषांतर केलं, "तुला काय माहीत?" ते ऐकून पहिल्या दिवशी माझं डोकंच फिरलं. मग मी तिला "कशावरून" हा शब्द दिला. आपल्याकडे तो बहुतेक भांडणातच निघतो, पण आहे मोठा नेमका. माणसावर शंका न घेता पुरावा मागतो.

सुरुवातीला मला बाई कामचुकार वाटायच्या. पोरानं काही विचारलं की उत्तर द्यायचं सोडून उलट प्रश्न! फेब्रुवारीत मुलांबरोबर मदतीला म्हणून तळ्यावर गेले, तेव्हा मत बदललं. तळं गोठलेलं. काठावरच सगळ्यांना थांबवून बाईंनी विचारलं, बर्फ किती जाड असेल? कुणी वीतभर म्हणालं, कुणी मोटारीएवढा. प्रत्येकाला पुढचा प्रश्न ठरलेला. एक मुलगी म्हणाली, पांढरा दिसतोय म्हणून जाड. त्यावर दोघांची जुंपली, कारण एकाच्या आजोबांनी त्याला सांगितलं होतं की पारदर्शक बर्फच जास्त पक्का, पांढऱ्यात हवा असते. (आजोबांचं बरोबर होतं.) आणखी एक मुलगा म्हणाला, "काल माझे बाबा यावरून चालले, म्हणजे खूप जाड." बाई त्याला चूक म्हणाल्या नाहीत. म्हणाल्या, "बाबा चालले म्हणजे काल तिथे एक माणूस पेलण्याइतका तरी होता. पण किती जाड, ते त्यावरून कळेल का?" पोरगा गप्प. मग म्हणाला, "नाही. भोक पाडावं लागेल."

हातानं फिरवायचं एक भलंमोठं गिरमिट आणलेलंच होतं. आळीपाळीनं फिरवून भोक पाडलं, काठी घालून मोजलं, 34 सेंटिमीटर. बाईंनी सकाळीच एकटीनं येऊन बर्फ तपासला होता, हे मला परतीच्या वाटेवर कळलं. मुलांना त्यांनी ते अजिबात कळू दिलं नव्हतं.

मग अर्थातच मला घरी प्रयोग करायची हौस आली. मुलांच्या विचारांचा अभ्यास करणाऱ्या प्याजे या मानसशास्त्रज्ञाचा तो प्रसिद्ध प्रयोग: दोन सारखे पेले, सारखं पाणी, मग एकातलं पाणी उंच, अरुंद ग्लासात ओतायचं आणि विचारायचं, जास्त कशात? लेक म्हणाली, "सारखंच." मी सवयीनं म्हटलं, "नक्की?" तिचा चेहरा पडला. "नाही... उंच ग्लासात जास्त."

बरोबर उत्तर मीच तिच्याकडून काढून घेतलं होतं. वाचल्यावर कळलं, हे जुनंच दुखणं आहे. मूळ प्रयोगात ओतण्याआधी आणि ओतल्यावर, असा तोच प्रश्न दोनदा विचारतात. 1974 मध्ये सुसान रोझ आणि मॅरियन ब्लँक या दोघी संशोधकांनी असाच प्रयोग करताना तो फक्त शेवटी एकदाच विचारून पाहिला, तर सहा वर्षांच्या मुलांच्या चुका कमी झाल्या. मोठ्या माणसानं तेच पुन्हा विचारलं म्हणजे आपलं चुकलं, असा हिशोब मुलं करतात. आणि आपल्या घरांत "नक्की?" हा प्रश्न असतो कुठे! ते चूक झाल्याचं सौम्य निवेदन असतं. बाईंचा प्रश्न बरोबर उत्तरालाही येतो, त्यामुळे त्यातून काही ताडता येत नाही, विचारच करावा लागतो. मला हे अजून नीट जमत नाही. बरोबर उत्तर आलं की तोंडातून "शाब्बास" निघून जातं आणि विषय तिथेच संपतो.

सगळंच चर्चेला ठेवते असंही नाही. उणे पंधरात टोपी घालायची की नाही, यावर पुरावे मागायचे नाहीत. एकदा बाईंनी टॅबलेट देऊन मुलांकडून एकाच डबक्याचे फोटो काढून घेतले. जमिनीला कॅमेरा टेकवून काढलेला लेकीचा फोटो थेट समुद्र वाटतो. तेव्हापासून मी फोनवर काही दाखवलं की ती विचारते, "कुठे उभं राहून काढलाय?" निम्म्या वेळा मला सांगता येत नाही.

आता हे लोण आजीपर्यंत पोचलंय. परवा व्हिडिओ कॉलवर आजी म्हणाली, "उद्या पाऊस पडणार बघ."

"कशावरून?"

"माझ्या गुडघ्यावरून."

मला वाटलं, आता आजी दुखावणार. पण लेकीनं कागद घेतला, दोन रकाने आखले, फ्रिजवर लावला. रोज विचारते, गुडघा दुखला का, आणि दुसऱ्या दिवशी, पाऊस आला का. आत्तापर्यंत गुडघा पाच वेळा, त्यातला पाऊस तीनदा. शिवाय दोनदा गुडघा न दुखताच पाऊस आला. त्यासाठी रकानाच नव्हता, मग तिनं तिसरा आखला. आजीचं म्हणणं, इतक्यात निकाल लावू नका, जुलै संपू दे.