नवा ओसी, जुने शब्द: ऑफ-सीझनचा माझा अनुभव

अमेरिकेतल्या एका विद्यापीठाच्या फुटबॉल संघात, म्हणजे हेल्मेट-पॅडवाल्या इथल्या फुटबॉलमध्ये, मी व्हिडिओचं काम बघतो. डिसेंबरात आमचा ऑफेन्सिव्ह कोऑर्डिनेटर, म्हणजे आक्रमणाच्या चाली आखणारा कोच, बदलला. सगळे त्याला ओसीच म्हणतात. नवा ओसी आला की लोकांना वाटतं, आता नव्या चाली येणार. चाली थोड्याफार फरकाने सगळीकडे त्याच असतात. इनसाइड झोन, म्हणजे चेंडू घेऊन मधून पळायची चाल, सगळेच पळतात, चार रिसीव्हर (पास झेलणारे) सरळ लांब पळवायची चालही प्रत्येकाकडे असते. बदलते ती भाषा. ऑफ-सीझनचा बराचसा वेळ जुने शब्द तोंडातून काढण्यातच जातो.

आणि वेळ मोजका मिळतो. एनसीएए या कॉलेज खेळांच्या संस्थेच्या नियमाने सीझनमध्ये सरावाला आठवड्याला २० तास मिळतात, सीझन संपला की ८. त्या ८ मध्येही मैदानावरचं शिकवणं आणि व्हिडिओ मीटिंग मिळून २ तासच. बाकीचे वेट रूमचे. मग स्प्रिंगमध्ये ३४ दिवसांत १५ सराव. पहिले दोन नुसत्या हेल्मेटवर, एकूण तीन विना-धडक, आणि पूर्ण टॅकलिंग फक्त आठांमध्ये. आम्ही प्लेबुकचे सात भाग पाडले: पहिल्या सात सरावांत सात भाग, पुढच्या सातांत तेच पुन्हा, पंधरावा स्प्रिंग गेम. आठवा भाग घुसवायचा मोह सगळ्यांना होतो. घुसवला की उजळणीचा एक दिवस जातो, आणि मुलं शिकतात ती उजळणीतच.

जानेवारीतलं पहिलं काम आमच्या खोलीत झालं. मागच्या सीझनचा ऑफेन्सचा प्रत्येक स्नॅप, म्हणजे खेळलेली प्रत्येक चाल, नव्या नावाने पुन्हा टॅग केला: डाउन (कितवा प्रयत्न), किती यार्ड हवेत, चेंडू कुठल्या हॅशवर (मैदानाच्या मधल्या खुणांच्या दोन रांगांपैकी कुठल्या), फॉर्मेशन (उभं राहायची रचना), पर्सोनेल (कुठले खेळाडू मैदानात). पर्सोनेलचा आकडा तेवढा सगळीकडे सारखा. पहिला अंक रनिंग बॅकचा (चेंडू घेऊन पळणारा), दुसरा टाइट एंडचा (लाइनच्या टोकाला उभा राहून अडवणारा आणि पासही झेलणारा). ११ म्हणजे एक बॅक, एक टाइट एंड आणि तीन रिसीव्हर. नवे कोच सहसा आपल्या जुन्या कॉलेजच्या क्लिप दाखवतात. त्यात मुलं चेंडू घेऊन पळणाऱ्याकडे बघत बसतात. स्वतःचीच क्लिप नव्या नावाखाली दिसली, की आपले पाय कुठे होते तेही दिसतं.

टॅग करता करताच खरा धोका सापडला. अगदी नवा शब्द त्रास देत नाही, तो पाठ करता येतो. घात करतो तो दोन्ही प्लेबुकांत असलेला पण अर्थ बदललेला शब्द. आमच्या जुन्या पद्धतीत ‘लकी’ म्हणजे पूर्ण लाइनने, पुढे उभं राहून अडवणाऱ्या पाच जणांनी, डावीकडे सरकायचं. नव्या पद्धतीत ‘लकी’ म्हणजे रनिंग बॅकने डावी बाजू सांभाळायची आणि लाइनने उजवीकडे सरकायचं. लाइनने सवयीने जुना अर्थ धरला, बॅकने नवा, तर सगळेच डावीकडे जातात आणि उजव्या टोकाचा रशर, म्हणजे समोरचा धावून येणारा खेळाडू, क्वार्टरबॅकपर्यंत (पास फेकणाऱ्यापर्यंत) मोकळा पोचतो. असे शब्द लाल रंगात वेगळे काढले आणि ते ओसीने स्वतःच बदलले. मला हे फार पटलं. पाच लाइनमनची जीभ वळवण्यापेक्षा एकाची वळवणं सोपं.

इनसाइड झोनवर सगळ्यात जास्त वेळ गेला. गार्डचं, म्हणजे सेंटरच्या शेजारच्या लाइनमनचं, पहिलं पाऊल जेमतेम सहा इंचांचं हवं. मोठं टाकलं की कंबर उघडते आणि समोरचा छातीत घुसतो. शेजारचे दोन लाइनमन मिळून समोरच्या संघाच्या एका डिफेन्सिव्ह टॅकलला ढकलतात, नजर मात्र त्याच्या मागे उभ्या बचावपटूवर, म्हणजे लाइनबॅकरवर. तो ज्या बाजूने येईल त्या बाजूचा सुटून त्याला घेतो. कबड्डीतली साखळी आठवा. हात लवकर सोडला की चढाईवाला निसटतो, तसंच इथे. साइडलाइनच्या कॅमेऱ्यात ही चूक दिसत नाही, कारण एकामागे एक शरीरं झाकली जातात. एंड झोनच्या, म्हणजे मैदानाच्या टोकाच्या, उंच कॅमेऱ्यात दिसते: दोघांच्या कमरांमध्ये उजेड दिसला की चाल तिथेच संपली. म्हणून लाइनच्या मीटिंगला मी आधी एंड झोनची क्लिप लावतो.

त्याच चालीला पासचा पर्याय जोडला की आरपीओ (रन-पास ऑप्शन) होतो, आणि तिथे एक चूक महिनाभर लपून राहते. कॉलेजच्या नियमात पास पुढे जात असेल तर लाइनमनला चेंडू ठेवलेल्या रेषेपासून तीन यार्डांपलीकडे जाता येत नाही. क्वार्टरबॅकने चेंडू बॅकच्या पोटाशी जास्त वेळ धरला, की धाव समजून खेळणारा गार्ड चौथ्या यार्डावर पोचलेला असतो. पाच यार्डांचा दंड गार्डच्या नंबरवर लागतो, चूक मात्र क्वार्टरबॅकची. सरावाला पंच नसले तर कुणाला कळतही नाही. आम्ही चेंडू हातातून सुटताच फ्रेम थांबवून यार्ड मोजायचो आणि ती यादी क्वार्टरबॅकच्या मीटिंगला जायची, लाइनच्या नव्हे.

ओसी व्यावसायिक फुटबॉलमधून येत असेल तर रिसीव्हरच्या जागाही तपासाव्या लागतात. मैदान दोन्हीकडे १६० फूट रुंद, पण कॉलेजचे हॅश एकमेकांपासून ४० फूट अंतरावर आणि एनएफएलचे, म्हणजे व्यावसायिक लीगचे, साडेअठरा. आमच्याकडे चेंडू हॅशवर असला की एका बाजूला १०० फूट, दुसरीकडे फक्त ६०. त्या अरुंद बाजूला बाहेर वळणारा मार्ग पळायचा तर रिसीव्हरला आत उभं करावं लागतं, नाहीतर वळायला जागाच उरत नाही. खूण म्हणून मैदानावर रंगवलेल्या आकड्यांची वरची कड धरायची. ती साइडलाइनपासून ९ यार्डांवर असते.

नावांची लांबीही कापावी लागली. पुढची चाल सुरू करायचं घड्याळ, प्ले क्लॉक, ४० सेकंदांचं. २०२४ पासून वरच्या स्तरावर एका खेळाडूच्या हेल्मेटमध्ये कोचचा आवाज जातो, पण घड्याळ १५ वर आलं की तो बंद. म्हणजे चाल ठरवून सांगायला फार तर २५ सेकंद. एवढ्या वेळात लांबलचक नाव कोच सांगणार, क्वार्टरबॅक पुन्हा म्हणणार, आणि मग फॉर्मेशन लागणार. दोन शब्दांत मावलं नाही त्याला एकच नवं नाव दिलं. हातवाऱ्यांच्या खुणाही शिकवल्या, कारण रेडिओ कधीही बंद पडू शकतो.

उन्हाळ्यात मुलं कोचशिवाय आपापसात सेव्हन-ऑन-सेव्हन, म्हणजे सात विरुद्ध सात, नुसत्या पासचा खेळ खेळतात. त्यात लाइनला जवळजवळ काम नसतं, आणि जुने शब्द परत येतात ते तिथूनच. म्हणून लाइनमननी आपली वेगळी दहा मिनिटं ठेवली: सेंटरने मधल्या लाइनबॅकरकडे बोट दाखवून कॉल मोठ्याने द्यायचा, पाचही जणांनी तो परत म्हणायचा, सहा इंचांचं एक पाऊल टाकायचं आणि थांबायचं. चेंडू नाही, धडक नाही. ऑगस्टात कॅम्प पुन्हा भाग एकपासूनच सुरू झाला.