टेबलातून येणारा सूर

व्हिएन्नात सहा वर्षं काढली, पण ‘द थर्ड मॅन’चं नाव निघालं की मी लांबूनच नमस्कार करायचे. त्या सिनेमाची धून इथे जत्रेतल्या पिपाणीसारखी पाठ सोडत नाही. पण गेल्या शुक्रवारी आमच्याच गल्लीतल्या चिमुकल्या गॅलरीत त्या संगीताची बैठक होती. प्रवेश फुकट, वाइनचे तेवढे पैसे. खालच्या मजल्यावरच्या आजींना विचारलं, तर म्हणाल्या, “ते ढिगारे मी लहानपणी पाहिलेत, परत कशाला पाहू? वाइनसाठी येते.”

सिनेमा १९४९ चा. युद्धात पडझड झालेलं, चार दोस्त राष्ट्रांनी वाटून घेतलेलं शहर आणि त्यात पेनिसिलिनचा काळाबाजार. एवढ्या काळोख्या गोष्टीला दुसरा कुणी भलामोठा वाद्यवृंद लावता. दिग्दर्शक कॅरोल रीड यांनी मात्र इथल्या वाइनच्या गुत्त्यात झिदर वाजवणारा आंटोन कारास हेरला, त्याला लंडनला नेलं आणि अख्खा सिनेमा त्या एकट्या वाद्यावर तोलला. १९५० मध्ये ती धून अमेरिकेतही पहिल्या नंबरवर गेली. सुरुवातीच्या श्रेयनामावलीत पडद्यावर माणूस दिसतच नाही, दिसतात नुसत्या थरथरणाऱ्या तारा.

झिदर म्हणजे, आपले गायक मांडीवर स्वरमंडळ घेतात ना, त्याचं लांबचं भावंड. फरक असा की हे टेबलावर आडवं ठेवतात आणि त्याला गिटारसारखे पडदेही असतात. पडद्यांवरच्या पाच तारांवर उजव्या अंगठ्यातल्या नखीने धून काढायची. उरलेल्या पंचवीस-तीस तारा बाकीच्या बोटांनी छेडत साथ आणि खर्जही आपणच द्यायचा. म्हणजे एकटा माणूस, तिघांचं काम.

वादक पंचविशीतला पोरगा. टेबल डुगडुगत होतं, म्हणून त्याने बिअरच्या ग्लासाखालचा पुठ्ठा दुमडून पायाखाली सारला. मग तारा जुळवणं सुरू झालं. ते इतकं चाललं की माझा पहिला ग्लास तिथेच संपला. (आपल्याकडे तंबोरे लागेपर्यंत चहा होतो, तसंच.)

ती प्रसिद्ध धून त्याने सर्वांत शेवटी घेतली, नेहमीपेक्षा बरीच संथ. दुकानांत ऐकताना ती मला मिश्कील वाटायची. इथे एकेक खर्ज निसटत्या पायरीवर पाय पडावा तसा येत होता आणि वरची धून काही झालंच नाही अशा थाटात पुढे चाललेली. अंगावर काटा आला.

टाळ्या थांबल्यावर तो म्हणाला, निम्मा आवाज टेबलाचा असतो, हात लावून बघा. वाद्याचे तीन छोटे पाय असतात, त्यांतून कंप लाकडात उतरतो. त्याने पुन्हा चार सूर छेडले. सर्वांच्या आधी आजी पुढे झाल्या. तळवा टेबलावर सपाट ठेवून शेवटची तार शांत होईपर्यंत तशाच उभ्या राहिल्या.

“टेबल चांगलं आहे,” म्हणाल्या आणि पर्स उचलून दाराकडे निघाल्या.