तुम्ही विचारलंत म्हणून: माझ्या घरी कुत्रा का नाही

"मॅडम, तुमचं संशोधन पाळीव प्राण्यांवर, मग तुमच्या घरी कुत्रा कसा नाही?" हा प्रश्न कोणी विचारला नाही असे माझे एकही वर्ष गेलेले नाही. नाशिकच्या कॉलेज रोडवरच्या ओळखीच्या दुकानदाराने तो विचारला आहे, ज्येष्ठ नागरिक संघातल्या व्याख्यानानंतर चहाच्या वेळी विचारला गेला आहे आणि तोंडी परीक्षेला आलेल्या बाहेरच्या परीक्षकांनीही विचारला आहे. मिठाईवाल्याला मधुमेह असल्याचे कळल्यावर लोकांच्या चेहऱ्यावर जे हसू येते, तेच तेव्हा समोर असते. आजवर मी "फ्लॅट लहान आहे" असे सांगून वेळ मारून नेली. माझा फ्लॅट लहान नाही.

सापांच्या अभ्यासकाला कोणी हा प्रश्न विचारत नाही, हे मी पूर्वी ठसक्यात सांगत असे. ते वकिली उत्तर होते. खरे उत्तर अण्णांशी, म्हणजे माझ्या वडिलांशी निगडित आहे.

माझी सुरुवातीची सगळी व्याख्याने एका अमेरिकन निबंधावर उभी होती. १९८० साली एरिका फ्रीडमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हृदयविकार कक्षातून घरी गेलेल्या ९२ रुग्णांची वर्षभराची हकिकत प्रसिद्ध केली. घरी प्राणी असलेल्या ५३ जणांपैकी ३ जण दगावले, प्राणी नसलेल्या ३९ जणांपैकी ११. हे चार आकडे फळ्यावर लिहिले की वर्ग गप्प होत असे, आणि त्या शांततेची मला चटक लागली होती. आई गेल्यानंतर अण्णा जेल रोडच्या घरात दिवसभर दूरदर्शनसमोर बसून राहू लागले, तेव्हा हेच चार आकडे मी त्यांनाही ऐकवले. अण्णा नोटा छापणाऱ्या सरकारी प्रेसमधून निवृत्त झालेले. आयुष्यभर नोटांची मोजदाद पाहिलेल्या माणसावर आकड्यांचा परिणाम होतो. एका टेम्पोखाली जन्मलेले तपकिरी पिल्लू मी त्यांच्याकडे नेऊन दिले. "तुझ्या आईने याला उंबरा ओलांडू दिला नसता," एवढेच ते म्हणाले आणि त्यांनी त्याचे नाव बंड्या ठेवले.

पुढचे वर्षभर मी एक वही ठेवली. झोप, जेवण, फेऱ्या, दिवसात किती जणांशी बोलणे झाले, असे रकाने आखले होते. वही सुंदर भरत गेली. सकाळ-संध्याकाळ दोन फेऱ्या होऊ लागल्या, पेपरवाल्यापासून शाळकरी मुलांपर्यंत सगळे अण्णांना थांबवून बोलू लागले. कुत्रा सोबत असला की अनोळखी माणसेही बोलायला येतात, हे आमच्या विषयात पुन्हा पुन्हा दिसलेले आहे. ते माझ्या वडिलांच्या बाबतीत घडताना पाहून मी खरोखर सुखावले होते. त्यातले काही खोटे होते असे मी आजही म्हणणार नाही.

आठ वर्षांपूर्वीच्या श्रावणातल्या एका रविवारी मी जेल रोडला गेले होते. अण्णा खुर्चीत बसले होते आणि त्यांच्या पायांत जाड मोजे होते. बंड्या त्यांच्या डाव्या पायाशी नाक लावून बसला होता, हुसकला तरी पुन्हा तिथेच येत होता. उजव्या पायाकडे मात्र तो पाहतही नव्हता. मी त्याचा फोटो काढला आणि रात्री वहीत लिहिले, "बंड्या सतत पायाशी. जवळीक उत्तम."

पुढच्या रविवारी खोलीत निर्माल्याच्या पिशवीसारखा वास होता. मी मोजा काढायला गेले तर अण्णांनी पाय आखडून घेतला. मोजा टाचेपर्यंत सुटला आणि पुढे अडकला. कोमट पाणी ओतून ओतून तो सोडवावा लागला. आत कापूस आणि हळद होती, आणि त्याखाली दोन बोटे काळी पडलेली होती. अण्णांना मधुमेह होता, तळपायांची संवेदना गेलेली होती. चपलेच्या अंगठ्याने आलेला फोड त्यांना दुखला नाही आणि त्याच पायावर ते रोज दोन फेऱ्या मारत राहिले. त्या फेऱ्या मी वहीत 'फायदा' या रकान्यात नोंदवत होते.

फोड त्यांच्या लक्षात येऊन तीन आठवडे झाले होते. "सांगितलं का नाहीत, अण्णा?" असे मी जवळजवळ ओरडूनच विचारले. ते शांतपणे म्हणाले, "अॅडमिट करतील म्हणाले असते. मग याला कोण बघणार? तू ठेवला असतास?"

मी उत्तर दिले नाही. कुत्रा आणून देताना लसीकरणाचे कार्ड दिले होते, साखळी दिली होती, चार आकडे दिले होते. "तुम्हाला काही झाले तर मी याला ठेवीन" हे वाक्य तेवढे दिले नव्हते. त्या रात्री अण्णांना दवाखान्यात ठेवून मी बंड्याला माझ्या घरी आणले. तो रात्रभर विव्हळायचा. खालच्या मजल्यावरून तक्रारी आल्या, माझ्यापुढे उत्तरपत्रिकांचे गठ्ठे होते, आणि पाचव्या दिवशी मी त्याला जेल रोडच्या शेजारच्या वहिनींकडे पोचवून आले. अण्णांनी मला बरोबर ओळखले होते. त्यांची दोन बोटे काढावी लागली.

अभ्यास काय सांगतात, असे तुम्ही आता विचाराल. २०१० साली सिडनीच्या संशोधकांनी हृदयरुग्णांचीच पाहणी केली आणि प्राणी असलेल्यांचे मरण किंवा पुन्हा दाखल होणे उलट जास्त आढळले. २०११ मध्ये हॅरॉल्ड हर्झॉग यांनी, प्राण्यांमुळे माणूस सुखी आणि निरोगी होतो हे अजून सिद्ध न झालेले गृहीतक आहे, असे स्पष्ट लिहिले. २०१७ मध्ये कॅलिफोर्नियातल्या पाच हजारांहून अधिक मुलांच्या माहितीत, घरची सांपत्तिक स्थिती वगैरे गोष्टी विचारात घेतल्यावर प्राण्यांचा दिसणारा लाभ जवळजवळ नाहीसा झाला. हे आधी माहीत नव्हते, अशी पळवाटही मला नाही. यांतले पहिले दोन निबंध तेव्हा माझ्या कपाटात होते. "अपवाद सगळीकडे असतात," असे तेव्हाची मी म्हणत असे. आज तिला सांगावेसे वाटते की अपवाद नावाचे गृहस्थ जेल रोडला राहतात. पण तीही गप्प बसत नाही. त्या वर्षभरात अण्णा हसत होते की नाही, हे ती मला विचारते, आणि ते हसत होते हे मला कबूल करावे लागते.

अण्णा त्यानंतर तीन वर्षे जगले, आणि बंड्या परत त्यांच्याजवळच राहिला. मी एकदा त्यांची माफी मागायचा प्रयत्न केला, तेव्हा ते बंड्याच्या कानातली गोचीड काढत होते. "दोन बोटं काय," ते म्हणाले, "लक्षसुद्धा जात नाही." हे त्यांनी माझी समजूत घालण्यासाठी म्हटले की खरेच तसे होते, हे मला ठरवता आलेले नाही. बंड्या आता वहिनींकडेच असतो. मी त्याला आणलेले नाही. तो तिथे रुळला आहे हे कारण खरे आहे, आणि मला ते सोयीचे आहे हेही.

माझ्या प्रश्नावलीत आता एक प्रश्न जास्तीचा आहे: गेल्या वर्षभरात, प्राण्याची सोय न झाल्यामुळे तुम्ही दवाखान्यात जाणे लांबवले का? तो वाचून बरेच जण आधी हसतात आणि मग पेन हातात धरून बसून राहतात. गेल्या महिन्यात पंचवटीतल्या एका आजींनी हा प्रश्न तसाच कोरा सोडला आणि कागद परत देताना विचारले, "मला काही झालं तर तुम्ही ठेवाल का हो हिला?" त्यांच्या मांडीवर मांजर होते. मी त्यांना माझा फोन नंबर लिहून दिला.