साडूचे एक्कावन्न रुपये

आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, पाच-सहा दिवसांवर आली होती. दुपारी दीडला अमळनेरच्या बाजारात कुत्रंही सावली सोडत नाही, अशा वेळी एक आबा माझ्या दुकानाची पायरी चढून आत आले. जुन्या डीव्हीडी मोबाइलवर चालतील अशा करून द्यायचं माझं काम. डोक्याला उपरणं गुंडाळलेलं, एका हातात मोबाइल, दुसऱ्या हातात कापडी पिशवी. बसा म्हटलं तरी बसले नाहीत. मोबाइल माझ्या तोंडासमोर धरला.

"हाई दख. आन् माले सांग, एक्कावन्न रुप्या देस का कोणी साडू?"

मोबाइलवर लग्नाचा व्हिडिओ चालू होता. मांडवातलं टेबल, वही घेऊन बसलेले दोन गृहस्थ, समोर रांग, आणि माइकवर एकजण सुरात पुकारतोय, "मुक्काम बेटावद, दोनशे एक रुपये... मुक्काम धरणगाव, एकशे एक रुपये..." आमच्या गावांमध्ये आहेर असा पुकारून घेतात. देणाऱ्याचं नाव होतं आणि ऐकणाऱ्यांचा हिशेबही होतो. मग पुकारणारा म्हणाला, "पारोळ्याचे साडूभाऊ," आणि लगेच, "एक्कावन्न रुपये."

भानगड अशी होती. आबांच्या मुलीचं लग्न फेब्रुवारी 2009 मधलं. आहेराची वही माळ्यावरच्या पेटीत होती, ती वाळवीने खाल्ली. आता आखाजीनंतर साडूच्या नातीचं लग्न, आणि आहेर फेडायचा तर आधी किती आला ते माहीत हवं. पुतण्याने डोकं चालवलं. लग्नाची डीव्हीडी होतीच, ती शहरात एका ठिकाणी देऊन मोबाइलवर चालेल अशी करून आणली. त्यातून हे एक्कावन्न निघाले. साडू म्हणजे आजीच्या सख्ख्या बहिणीचा नवरा. दोन दिवस आजी जेवल्या नव्हत्या. माझ्या बहिणीच्या घराला भिकारी ठरवता का, हा त्यांचा मुद्दा. आबांना आठवत होतं की साडूने चांगला आहेर केला होता. पण मशीन कशाला खोटं बोलेल, हेही त्यांना पटत होतं.

मी मूळ डीव्हीडी मागितली. ती पिशवीतच होती.

डिस्क लावायच्या आधी मी कानाला हेडफोन लावून मोबाइलवरचा तो भाग चार वेळा पाहिला. 'साडूभाऊ' या शब्दापर्यंत पुकारणाऱ्याचे ओठ आणि आवाज बरोबर जुळत होते. 'एक्कावन्न'पासून पुढे आवाज ओठांच्या आधी येत होता, आणि तो फरक शेवटच्या पाठवणीपर्यंत तसाच राहिला. मग चित्र नीट पाहिलं. त्याच क्षणी गुलाबी फेट्याचा एक माणूस टेबलाच्या डाव्या बाजूने एकदम उजव्या बाजूला गेला होता. मधे चाललाच नाही. आहेराची रांग लांब, टेबल तेच, कॅमेरा एका जागी, म्हणून ही उडी घरात कुणाच्या लक्षात आली नव्हती.

डिस्क ड्राइव्हमध्ये टाकून तिची लांबी पाहिली. 1 तास 52 मिनिटं 40 सेकंद. मोबाइलवरची फाइल 1 तास 52 मिनिटं 11 सेकंद.

29 सेकंद गायब. तेवढ्यात चार-पाच आहेर सहज पुकारून होतात. म्हणजे नाव साडूचं आणि रुपये दुसऱ्याच कुणाचे!

असं का होतं ते आबांना सांगायचा मी प्रयत्न केला. डीव्हीडीवर चित्र आणि आवाज वेगवेगळे नसतात. 2048 बाइटच्या छोट्या पुड्या असतात, एक चित्राची, एक आवाजाची, अशा मिसळून लिहिलेल्या. डिस्क एखाद्या जागी वाचता आली नाही की सॉफ्टवेअर त्या पुड्या सोडून पुढे जातं आणि शेवटी 100 टक्के झालं म्हणून सांगतं. सोडलेल्यात चित्र किती गेलं आणि आवाज किती गेला हे सारखं नसतं, म्हणून तिथून पुढे ओठ आणि आवाज फारकत घेतात. मोबाइलवाल्या फाइलच्या बाबतीत हेच झालं होतं. करणाऱ्याला मी दोष देत नाही. सुरुवातीच्या वर्षांत मीही डिस्कवरून थेट फाइल करून द्यायचो, आणि एका बारशाचं नाव ठेवण्याचं नेमकं वाक्य गायब करून दिलं होतं. गिऱ्हाइकाने सहा महिन्यांनी परत आणलं तेव्हा मला कळलं.

आबा म्हणाले, "म्हणजे मशीन चुकनं?"

मशीन थांबलं नाही, एवढंच चुकलं.

आता डिस्क. वरच्या बाजूला नवरा-नवरीचा फोटो असलेलं कागदी स्टिकर. त्या काळी सगळे फोटोवाले हे चिकटवायचे, आणि याच स्टिकरने जितक्या डिस्कांची वाट लागलेली मी पाहिली तितकी पोरांच्या हातांनी नाही. कागद एका बाजूला फुगला होता. फुगलेलं स्टिकर ओढून काढायचं नाही, डिस्कच वाकते. खालच्या बाजूला कडेपासून जेमतेम सेंटीमीटरभर आत एक वर्तुळाकार ओरखडा, बोटभर लांब. शिवाय सगळ्या डिस्कवर पांढुरकी झाक.

"यावर काय लावलं होतं?"

"पुतण्यानी कोलगेट घासं."

पूर्ण वर्तुळात घासलं होतं, भांडी घासतात तसं. डीव्हीडी पुसायची तर मधून कडेकडे सरळ रेषेत. कारण असं की माहिती आतून बाहेर जाणाऱ्या बारीक गोल वाटेवर लिहिलेली असते, आणि 32 केबीच्या एकेका गठ्ठ्यात दुरुस्तीचे आकडेही सोबत असतात. वाटेला आडवा छेदणारा ओरखडा त्या आकड्यांवर भरून निघतो; वाटेच्या बाजूने गेलेला ओरखडा गठ्ठेच्या गठ्ठे खातो. आबांचा ओरखडा दुसऱ्या जातीचा. आणि लिहायला सुरुवात आतून होते, म्हणून हळद, मांडव, मंगलाष्टकं सुखरूप होती. कडेजवळ यायचा तो आहेर.

डिस्क आधी मऊ कापडाने, मग थोड्या स्पिरिटने पुसली. कोलगेट निघालं, ओरखडा राहिला. विंडोजमधून नुसती कॉपी करून पाहिली, तर तिसऱ्या व्हीओबी फाइलमध्ये (डीव्हीडीवरचा व्हिडिओ अशा तुकड्यांत असतो) अडकली आणि वाचता येत नाही असं सांगणारा, रिडन्डन्सी चेकचा तो ओळखीचा संदेश आला. ते अपेक्षितच होतं. आबांना म्हटलं, उद्या संध्याकाळी या.

ते म्हणाले, "मी बठस." आणि पंख्याखाली बसले.

अशा डिस्कसाठी माझ्याकडे लिनक्सचा एक जुना कॉम्प्युटर आहे आणि त्यावर जीएनयू डीडीरेस्क्यू, खराब डिस्कमधली माहिती वाचवणारं सॉफ्टवेअर. हे चित्र-आवाज काही बघत नाही. डिस्कच्या पहिल्या बाइटपासून शेवटच्यापर्यंत जे आहे ते एका आयएसओ फाइलमध्ये जसंच्या तसं उतरवतं. आधी सोपं सोपं सगळं उचलून घेतं, अवघड जागा बाजूला ठेवतं, मग परत फिरून त्यांच्याशी झटतं. कुठे काय मिळालं याची नोंद एका साध्या मजकुराच्या फाइलमध्ये ठेवतं: मिळालं तिथे अधिकचं चिन्ह, नाही तिथे उणे. आमच्याकडे ही नोंद फार कामाची, कारण साडेतीनला लाइट गेली. यूपीएसने दहा मिनिटं तग धरली. आबा उपरण्याने वारा घेत म्हणाले, आता सगळं पहिल्यापासून? नाही म्हटलं, लाइट आली की जिथे थांबलं तिथूनच.

लाइट साडेपाचला आली. पहिल्या फेरीअखेर 4.3 जीबीतलं 20 एमबी सोडून सगळं हाती आलं होतं. या डिस्कवर सेकंदाला सुमारे 0.7 एमबी जात होते. 20 एमबी म्हणजे तेच 29 सेकंद. हिशेब जुळला तेव्हा बरं वाटलं, कारण भोक एकच आहे हे नक्की झालं.

आबांना शेवटच्या गाडीला पाठवलं. डिस्क तापली होती, ड्राइव्हला हात लावला तर चटका बसत होता. गरम ड्राइव्हवर ओरखड्याशी भांडण्यात अर्थ नसतो. रात्री जेवून परत दुकान उघडलं, ड्राइव्हचा वेग उतरवून चौपटीवर (4x) आणला आणि अवघड जागांवर फेऱ्या लावल्या. आडव्या ठेवलेल्या ड्राइव्हमधून फुगलेल्या स्टिकरची घरघर येत होती. अकरापर्यंत 20 चे 13 झाले आणि तिथेच अडलं. तास गेला तरी एक केबी हलेना.

मग ठेवणीतला उपाय. माझ्याकडे 2011 चा एक लॅपटॉप आहे, स्क्रीन फुटलेला, फक्त त्याच्या डीव्हीडी ड्राइव्हसाठी जपलेला. प्रत्येक ड्राइव्हचं लेझर, वाटेवर टिकून राहण्याची पद्धत, चूक दुरुस्त करण्याची हिंमत वेगळी असते. एकाला न दिसणारं दुसऱ्याला दिसतं. आयएसओ आणि नोंदीची फाइल त्यात नेली, डिस्क लावली, आणि डीडीरेस्क्यूला फक्त उण्याच्या जागा वाचायला सांगितल्या. त्यातही एकदा पुढून, एकदा उलट्या दिशेने. शटर अर्धं ओढून मी बाकावर आडवा झालो. पहाटे डास चावून जाग आली तेव्हा राहिलं होतं 600 केबी. सेकंदापेक्षाही कमी.

पुढचं काम सरळ. आयएसओ उघडून पूर्ण टायटल, म्हणजे सगळा व्हिडिओ, एकसलग घेतलं; व्हीओबीचे जीबी-जीबीचे तुकडे वेगवेगळे बदलून मग जोडायच्या फंदात मी पडत नाही, सांध्यावर शब्द गिळले जातात. हँडब्रेक या व्हिडिओ बदलून देणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये टाकून मोबाइलवर चालणारी एच.264 ची एमपी4 फाइल केली. पुतण्याच्या फाइलमध्ये सगळं वऱ्हाड जाडजूड दिसत होतं, कारण 4:3 चं चित्र रुंद टीव्हीच्या मापात ताणलं होतं. ते पूर्ववत केलं. हलणाऱ्या हातांवर कंगव्यासारख्या रेघा होत्या, त्या डीइंटरलेस करून घालवल्या. फाइल निघाली 1:52:40 ची. ओठ शेवटपर्यंत जुळले.

(कुणी विचारतं म्हणून सांगतो: बाजारातल्या पिक्चरच्या डीव्हीडी मी घेत नाही. त्यांना कुलूप असतं आणि ते तोडायचा मला हक्क नाही. घरच्या लग्नाला कुलूप नसतं, वाळवी असते.)

सकाळी साडेनऊलाच आबा आले, आणि मागे आजी. आजींनी माझ्याकडे पाहिलंही नाही, सरळ स्क्रीनसमोरच्या स्टुलावर बसल्या. मी 1 तास 21 मिनिटांच्या जरा आधीपासून लावलं.

"पारोळ्याचे साडूभाऊ," पुकारणारा म्हणाला. पांढऱ्या टोपीतला उंच माणूस पाकीट देऊन आबांच्या पाया पडायला वाकला. "एक हजार एक रुपये!" आणि मांडवात कुणीतरी टाळी वाजवली.

"मी सांगेल व्हतं ना!" आजी.

आबा काही बोलले नाहीत. उपरण्याने चष्मा पुसला आणि परत लाव म्हणाले. तीनदा लावलं. मग पुढे चालू ठेवलं. गुलाबी फेटा या वेळी टेबलासमोरून रीतसर चालत गेला, चोपड्याचे एक काका आले, शिरपूरचे आले, आणि एक्कावन्नवाला आला. वीस-बावीस वर्षांचा पोरगा, शर्टाचं वरचं बटण तुटलेलं. आबांनी लगेच ओळखलं. तेव्हा त्यांच्या शेतात सालदार होता.

"त्यानी एक्कावन्न दिन्हात?" आबा जरा वेळाने म्हणाले. "त्याले तव्हय मजुरीच किती व्हती!"

राहिलेले 600 केबी कुठे पडले ते मी आधीच शोधून ठेवलं होतं आणि सांगणं भाग होतं. शिरपूरवाल्यांवर. चित्र क्षणभर चौकोनी तुकड्यांत विस्कटतं आणि आवाजातलं "मुक्काम शिरपूर" झाल्यावर फक्त "...शे एक रुपये" उरतं. एकशे, दोनशे की पाचशे, ते गेलं. दोन्ही ड्राइव्हवर मिळून वीसेक फेऱ्या केल्या, नाही आलं.

आबांनी नवी वही आणली होती. दुकानातलंच पेन घेऊन रकाने आखले आणि एकेक नाव उतरवायला बसले. शिरपूरपाशी पेन थांबलं.

"दोनशे एक धरू," आबा म्हणाले.

"पाचशे एक लिखा," आजी म्हणाल्या. "कमी दिसाले नको."

"आपल्याले फेडना पडी, माहीत शे ना?"

"लिखा."

आबांनी पाचशे एक लिहिलं, आणि शेजारी बारीक अक्षरात एक प्रश्नचिन्ह काढलं. पुढे सालदाराचं नाव लिहून विचारलं, या पोराचं लग्न झालं तेव्हा आपण काय दिलं होतं? आजींना आठवेना. त्याच्या लग्नाची डीव्हीडी निघाली असेल का, असं आबांनी मला विचारलं.