यू-9 चा तास

टॉर्पेडो नळीतून सुटला की पाणबुडीचं नाक हलकं होतं आणि वर उठू लागतं. पाण्याखालची बोट सोनाराच्या तराजूसारखी असते, जरा वजन इकडचं तिकडे झालं की पारडं कललंच. सुटलेल्या टॉर्पेडोच्या जागी नळीत समुद्राचं पाणी शिरतं, पण वजन तंतोतंत जुळत नाही. जो फरक उरतो तो टाक्यांमधलं पाणी आत-बाहेर किंवा पुढे-मागे करून ताबडतोब भरून काढावा लागतो. त्याला आम्ही ट्रिम धरणं म्हणतो. ती नाही धरता आली तर थोड्याच वेळात बोटीचं तोंड पाण्याबाहेर, शत्रूच्या तोफांसमोर.

नौदलातली माझी शेवटची वर्षं हे शिकवण्यात गेली. विशाखापट्टणमला नौदलाची पाणबुडी प्रशिक्षणाची शाळा आहे, तिथे मी सिम्युलेटरवर मास्टर चीफ होतो. सिम्युलेटर म्हणजे पाणबुडीच्या कंट्रोल रूमची हुबेहूब खोली. ती पुढे-मागे झुकते, पाण्याची खोली दाखवणारे काटे फिरतात, आणि हायड्रोप्लेनवर, म्हणजे बोटीचं नाक वर-खाली करणाऱ्या पंखांच्या दांड्यावर, बसलेल्या पोराच्या हाताला खरोखर घाम फुटतो. माझी स्वतःची नोकरी शिशुमार वर्गाच्या पाणबुड्यांवर झाली. त्यातली पहिली, आयएनएस शिशुमार, 22 सप्टेंबर 1986 रोजी जर्मनीत कील इथे नौदलात दाखल झाली. आणि 22 सप्टेंबर हाच यू-9 चा दिवस. यू-9 म्हणजे पहिल्या महायुद्धातली जर्मन पाणबुडी, जिने 1914 मध्ये त्या तारखेला तीन ब्रिटिश क्रूझर बुडवल्या. त्यामुळे वेळापत्रकात जमलं, तर त्या तारखेला मी यू-9 चा तास घेत असे. यातल्या एका वर्षीचा तास सांगायचा आहे.

त्या बॅचमध्ये पंजाबची पोरं होती, केरळची होती, एक साताऱ्याचा होता, ज्याच्या घरात तीन पिढ्या फौजेत, आणि एक मालवणचा, मासेमारी करणाऱ्या गाबीत घरातला. मी देवगडचा. वर्गात आम्ही दोघंही हिंदीतच बोलायचो, पण त्याच्या हिंदीतून मालवणी लपत नसे.

सकाळी मी त्यांना आधी बोट दाखवली, म्हणजे फळ्यावर काढली. डान्झिगच्या शाही गोदीत बांधलेली, 1910 मध्ये सेवेत आलेली यू-9. लांबी 57 मीटर, पाण्याखाली वजन 611 टन. आमच्या शिशुमारचं पाण्याखालचं वजन सुमारे 1,850 टन, म्हणजे यू-9 तिच्या तिसरा हिस्सा. पुढे दोन नळ्या, मागे दोन, एकूण सहा टॉर्पेडो. इंजिनं केरोसीनवर चालणारी, कोर्टिंग कंपनीची. ती इतका पांढरा धूर ओकायची की दिवसा तो मैलांवरून दिसे आणि रात्री त्यातून ठिणग्या उडत. धुरासाठी डेकवर एक नळकांडं उभं करावं लागे, बुडी मारण्यापूर्वी ते उतरवून ठेवायचं. युद्धाच्या पहिल्याच मोहिमेत, 1914 च्या ऑगस्टमध्ये, दहा पाणबुड्या उत्तर समुद्रात गेल्या. त्यातल्या दोन परत आल्या नाहीत, आणि यू-9 इंजिन बिघडल्यामुळे अर्ध्यावरून माघारी आली. बड्या जहाजांच्या आरमारात तेव्हा या लहान, धुरकट बोटींकडून कुणाला फारशी आशा नव्हती.

पण या बोटीवर एक गोष्ट झाली होती. कप्तान ओटो वेडिगेन याने 16 जुलै 1914 रोजी, युद्ध सुरू होण्याच्या जेमतेम पंधरवडा आधी, पाण्याखाली असतानाच रिकाम्या नळीत दुसरा टॉर्पेडो भरून दाखवला. तोवर हे कोणत्याही पाणबुडीला जमलं नव्हतं. अरुंद बोटीत, साखळ्या-कप्प्या लावून, शेकडो किलोचं ते धूड पुढे सरकवायचं आणि त्या वेळी ट्रिमही राखायची. पोरांना मी विचारलं, यात काय अवघड आहे? एकाने सांगितलं, ताकद लागेल. मालवणच्याने सांगितलं, "सर, वजन सरकतं ना." त्याच्या बापाची होडी होती. पोटातलं जाळं एका अंगाला सरकलं तर काय होतं, हे त्याला कुणी शिकवावं लागलं नव्हतं.

मग त्यांना कंट्रोल रूममध्ये बसवलं आणि टॉर्पेडो सुटल्यावर आपोआप भरपाई करणारी यंत्रणा कन्सोलवरून बंद केली. सांगितलं, आज तुम्ही 1914 मध्ये आहात. रात्रभर वादळामुळे बोट समुद्राच्या तळाशी टेकवून बसलात. दिशादर्शक बिघडल्यामुळे आधीच वाट चुकली आहे. पहाटे वर आलात, समुद्र निवळलाय, आणि वॉचवरच्या योहानेस श्पीस या अधिकाऱ्याला क्षितिजावर डोलकाठ्या दिसल्या.

ती तीन ब्रिटिश जहाजं होती: अबुकीर, होग आणि क्रेसी. प्रत्येकी 12,000 टनांच्या, 1900 च्या आसपासच्या जुन्या क्रूझर. हॉलंडच्या किनाऱ्यासमोर त्या गस्त घालत होत्या. संरक्षणाला असायच्या त्या विनाशिका खराब हवामानामुळे बंदरात परतल्या होत्या. हवा सुधारली तरी त्या अजून पोचल्या नव्हत्या. तिन्ही क्रूझर सुमारे 10 नॉट्सने, नागमोडी न जाता, सरळ रेषेत चालल्या होत्या. ब्रिटिश आरमारातच या तुकडीला ‘जिवंत आमिष’ म्हणत. नौदलमंत्री चर्चिल यांनी चारच दिवस आधी लिहून कळवलं होतं की या जहाजांना इथे ठेवू नये. कागद हलला, जहाजं हलली नाहीत.

पहिला टॉर्पेडो सोडायला लावला. खोली मागे झुकली, नाक वर. हायड्रोप्लेनवरच्या पोराने दांडा दाबून धरला, काटा हळूहळू थांबला. ठीक. अबुकीर गेली. आता दोन एकदम, होगवर, 300 मीटरवरून. या वेळी नाक असं उठलं की खोलीतल्या सगळ्यांनी जे हाताला लागेल ते पकडलं. पेरिस्कोप वापरता येतो तेवढ्या खोल पाण्यातून बोट सरळ पृष्ठभागावर आली. स्क्रीनवर तांबडा दिवा.

"मेलात," मी म्हणालो.

यू-9 चंही नेमकं हेच झालं होतं. होगवर दोन टॉर्पेडो सुटले आणि बोटीचं तोंड पाण्याबाहेर आलं. बुडत असलेल्या होगच्या तोफखान्याने तेवढ्यातही तिच्यावर गोळे झाडले. मग आत काय केलं? माणसं पळवली. हातात काम नसलेल्या प्रत्येकाने पुढे धावायचं, हुकूम आला की मागे धावायचं. मी फळ्यावर हिशेब मांडला: 20 माणसं, सरासरी 70 किलो, म्हणजे 1,400 किलो. ती 57 मीटरच्या बोटीत 20 मीटर पुढे गेली की पारडं पुन्हा समेवर यायला मदत होते. तेल-ग्रीसने चिकट झालेल्या, बॅटरीच्या वासाने कोंदलेल्या त्या नळकांड्यात माणसं हेच करत होती. आणि त्याच वेळी पुढच्या खोलीत काही जण नळीत नवा टॉर्पेडो सरकवत होते, जुलैमध्ये शिकले होते तसा. ते काम आलं नसतं तर क्रेसी वाचली असती, असं मला वाटतं. क्रेसीवर मागच्या नळ्यांमधून दोन सोडले. एक लागला, पण जहाज तरंगत राहिलं. मग पुढच्या नळीतला शेवटचा, सहावा. त्यानंतर टॉर्पेडो उरला नाही आणि बॅटरीही संपत आली होती.

पोरांनी पुन्हा प्रयत्न केला. टाक्या वेळेवर भरल्या, हायड्रोप्लेन आधीच दाबून धरले, आणि बोट खालीच राहिली. खोलीत टाळ्या वाजल्या. कुणीतरी म्हणालं, "एक बोट, तीन क्रूझर, तासा-दीडतासात!" खरं आहे. पुढची गोष्टही त्यांना सांगितली. वेडिगेन 32 वर्षांचा, त्याच ऑगस्टमध्ये लग्न झालेला, एका दिवसात जर्मनीचा नायक झाला. पुढच्या महिन्यात, 15 ऑक्टोबरला, त्याने स्कॉटलंडजवळ हॉक ही क्रूझरही बुडवली. जर्मन सम्राटाने दोनच जहाजांना आयर्न क्रॉस या शौर्यपदकाचं चिन्ह मिरवण्याचा मान दिला. एक यू-9, आणि दुसरी एम्डन, जिने त्याच 22 सप्टेंबरच्या रात्री या आपल्याच बंगालच्या उपसागरात येऊन मद्रासच्या तेलाच्या टाक्या पेटवल्या.

टाळ्या थांबल्या तेव्हा मालवणचा पोरगा हायड्रोप्लेनच्या सीटवर तसाच बसून होता. त्याने विचारलं, "सर, दुसरं आणि तिसरं जहाज जवळ कशाला आलं?"

हा भाग मी एरवी दोन वाक्यांत उरकत असे. ट्रिमच्या तासाला त्याची गरज नसते. पण त्याने विचारलंच होतं. म्हणून सगळ्यांना पुन्हा वर्गात नेलं.

सांगितलं की अबुकीरच्या कप्तानाला, ड्रमंडला, वाटलं आपण सुरुंगावर आदळलो. त्याने बाकीच्या दोघींना जवळ येण्याची खूण केली. होग आली, थांबली, होड्या सोडल्या, लाकडाची तरंगेल ती प्रत्येक वस्तू पाण्यात फेकली. थांबलेल्या होगला टॉर्पेडो लागले. आता पाणबुडी आहे हे उघड झालं होतं. तरीही क्रेसी तिथून निघून गेली नाही. तिच्या होड्या माणसं उचलत होत्या. क्रेसीचा कप्तान जॉन्सन जहाजाबरोबर गेला. एकूण 1,459 माणसं मेली, 837 वाचली. मेलेल्यांत बरेचसे मधल्या वयाचे, घरसंसार असलेले राखीव दलाचे खलाशी होते. जहाजांवर डार्टमथच्या नौदल विद्यालयातून थेट उचलून आणलेली कोवळी मुलंही होती. त्यातला एक, वाइकम-मस्ग्रेव्ह, 15 वर्षांचा. अबुकीर बुडाली तेव्हा पोहत होगकडे गेला. होग बुडाली, क्रेसीकडे गेला. क्रेसीही बुडाली. शेवटी एका फळकुटाला धरून राहिला आणि वाचला.

मग वर्गाला प्रश्न दिला. तुम्ही क्रेसीचे कप्तान. पाण्यात शेकडो माणसं ओरडताहेत. पाणबुडी खाली आहे हे तुम्हाला माहीत आहे. काय कराल?

साताऱ्याचा पहिला उठला. निघून जायचं, म्हणाला. माझ्या जहाजावर सातशे माणसं आहेत, त्यांचा जीव माझ्या हवाली आहे. थांबलो तर तेही जातील. त्याचं बरोबर होतं. या घटनेनंतर ब्रिटिश नौदलाने हेच फर्मान काढलं: पाणबुडीचा धोका असेल तिथे मोठ्या जहाजाने बुडणाऱ्यांसाठी थांबायचं नाही. बहुतेक वर्ग त्याच्या बाजूने गेला. शिस्त म्हणून ते मला आवडलंही.

मालवणचा उभा राहिला आणि हिंदी विसरला. "सर, माणसां बुडतत आनि आपण निघान जावचा?"

वर्गातल्या पंजाब्याला शब्द कळले नाहीत, पण तो काय म्हणतोय हे कळलं. मी मालवणच्याला हिंदीत पुढे बोलायला लावलं. तो म्हणाला, त्यांच्याकडे वादळात होडी उलटली तर बाकीच्या होड्या वळतात. कुणाची होडी, कुठल्या वाडीची, आपसांत भांडण आहे का, हे कुणी बघत नाही. जो वळला नाही त्याच्याशी गावात कुणी बोलत नाही. साताऱ्याचा म्हणाला, ते मासेमारीचं झालं, हे युद्ध आहे. मालवणचा म्हणाला, समुद्र तोच आहे ना. दोघंही तावातावाने बोलत होते, पण कुणाच्याही बोलण्यात हेका नव्हता. मधली सुट्टी झाली तरी कुणी उठेना.

मला हे दोघंही हवे आहेत, हे तेव्हा जाणवलं. पाणबुडीवर माझ्याबरोबर साताऱ्याचा हवा, कारण हॅच बंद करायची वेळ आली तर तो करेल. आणि मालवणचा हवा, कारण त्या हॅचपलीकडे माणूस आहे हे तो विसरणार नाही.

मी त्यांना व्यवहाराचं उत्तर दिलं, एका चालक दलाच्या माणसाचं. जहाज चालू ठेवा, वेग वाढवा, नागमोडी काढा. होड्या आणि तराफे सोडा, पण थांबू नका. वायरलेसवर विनाशिका बोलवा. मोठ्या जहाजाने थांबायचं नाही, लहानांना पुढे घालायचं. त्या दिवशीही शेवटी लहान बोटींनीच माणसं उचलली. फ्लोरा आणि टायटन ही डच व्यापारी जहाजं, आणि ब्रिटिश मासेमारी बोटी. एकट्या फ्लोराने 286 जणांना आयमाउडन बंदरात नेलं. ती तटस्थ देशाची, बिनहत्यारी. जिथे तीन लोखंडी क्रूझर नुकत्याच बुडाल्या, तिथे ती शिरली. हॉलंडने त्या वाचलेल्यांना कैद केलं नाही, मायदेशी जाऊ दिलं.

मालवणचा विचारात पडला. "आणि फ्लोरा आली नसती तर, सर?"

"तर क्रेसीच्या होड्या होत्या."

"त्या भरल्या असत्या."

"भरल्या होत्याच," मी म्हणालो. याच्या पुढे माझ्याकडे उत्तर नव्हतं, आणि मी त्याला तसं सांगितलं. तो बसला, पण समाधान झालं नव्हतं. ते बरं होतं.

वेडिगेनचं पुढे काय झालं हे साताऱ्याच्याने विचारलं. 1915 च्या मार्चमध्ये, 18 तारखेला, तो यू-29 या दुसऱ्या पाणबुडीवर होता. ड्रेडनॉट या ब्रिटिश युद्धनौकेने पेंटलंड फर्थमध्ये तिला धडक देऊन बुडवलं. एकही माणूस वाचला नाही. तिथे उचलायला फ्लोरा नव्हती. यू-9 मात्र श्पीसच्या हाताखाली चालत राहिली, बाल्टिकमध्ये गेली, आणि 1916 च्या एप्रिलनंतर ती लढाईतून काढून शिकवणीच्या कामाला लावली. युद्ध संपल्यावर ती ब्रिटिशांच्या ताब्यात गेली आणि मोरकॅमला तोडली गेली.

त्या बॅचपासून मी तासाची मांडणी बदलली. आधी सिम्युलेटर, नाक खाली धरण्याचं गणित, मग लगेच वर्ग आणि क्रेसीच्या कप्तानाचा प्रश्न. वेळ अपुरा पडतो म्हणून वरिष्ठांनी एकदा हरकत घेतली. मी म्हणालो, ट्रिमचा एक सराव कमी करतो, हा प्रश्न कमी करणार नाही. त्यांनी मान्य केलं, आणि मी निवृत्त झालो तोवर तो तास तसाच चालू होता.