गंगापूर ते विंचूर: द्राक्षाचं खातं बदलतं तिथे

फेब्रुवारीतल्या सकाळी नाशिकजवळ गंगापूर धरणाच्या बाजूला थंडी होती. वायनरीत पोचलो तेव्हा शेनिन ब्लांक या वाईनच्या द्राक्षांचे क्रेट उतरत होते. मणी बारीक, आत बिया. आपण घरी आणतो त्या थॉमसनचा कुरकुरीतपणा नाही, पण गोडी अशी की बोटं चिकटली.

क्रशरमध्ये पडेपर्यंत हे द्राक्ष म्हणजे शेतमाल. रस टाकीत आंबू लागला की राज्य उत्पादन शुल्क विभागाची नजर त्यावर येते. किती लिटर झालं, किती बाटल्या भरल्या, कुठे गेल्या, सगळ्याची नोंद. त्या क्रशरपाशी मी बराच वेळ थांबलो. पिण्याचं मद्य हा राज्यघटनेनुसार राज्यांचा विषय, त्याला जीएसटीही लागत नाही. म्हणून इथे ताठ मानेनं विकली जाणारी बाटली पेठ तालुक्यापलीकडची सीमा ओलांडली की गुजरातच्या दारूबंदीत सापडते. आपल्याकडेही 1949 चा दारूबंदी कायदा आहेच. ‘परमिट रूम’ हे नाव त्यातल्या परवान्यावरूनच आलं. वाईन-बिअरसाठी वय 21, कडक मद्यासाठी 25.

सुला ही वायनरी इथे 1999 साली सुरू झाली. पण जिल्ह्याचं चित्र पालटलं ते राज्याच्या 2001 च्या द्राक्ष प्रक्रिया धोरणामुळे. वाईनला उत्पादन शुल्कात माफी मिळाली, नाशकात विंचूर आणि सांगलीत पलूस इथे वाईन पार्क ठरले. द्राक्षाला दुसरं गिऱ्हाईक मिळालं, हे मला मोलाचं वाटतं. अवकाळीनं बाग झोपते तेव्हा कर्ज फेडायला काय उरतं, हे मी नात्यातल्या घरांत पाहिलंय.

दुपारी निफाडमार्गे विंचूरला निघालो. लासलगावकडे जाणारे कांद्याचे ट्रॅक्टर पुढे, मी मागे. वाटेत एका बागेत थांबलो. काका वायनरीला माल घालतात, दर आधी ठरवून. सुपरमार्केटात वाईन ठेवायचा जानेवारी 2022 चा निर्णय निघाला तेव्हा त्यांना आशा वाटली होती. विरोध झाला, तो अमलात आलाच नाही.

“बरंच झालं,” काकू पाण्याचा तांब्या ठेवत म्हणाल्या. “द्राक्षं आमचीच हायेत, दादा. पन किराण्याशेजारी बाटली नको. माझ्या माहेरी आम्ही बायांनी आडव्या बाटलीला मत देऊन दुकान बंद पाडलं.”

मतपत्रिकेवरची आडवी बाटली म्हणजे दुकान बंद. गावातल्या एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून अधिक जणींनी ती निवडली तर परवाना जातो. महसुलासमोर बाईचं मत जड ठरतं अशी ही तरतूद मला या सगळ्या कायद्यातली सर्वांत प्रामाणिक वाटते.

काका काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “तिचंबी खरंय.” आणि दोघं पुन्हा क्रेट मोजायला वळले, टेम्पो पाचला यायचा होता.