लिंबावरच्या अळ्या वाढवताना: अंड्यापासून फुलपाखरापर्यंत

सांगलीत स्वॅलोटेल कुळातल्या फुलपाखरांच्या अळ्या वाढवायला चांदोलीचं राष्ट्रीय उद्यान गाठावं लागत नाही. तिथून काही उचलायचं तर वन विभागाची परवानगी लागतेच, आणि सुरुवातीला त्याची गरजही नाही. वळवानंतर परसातल्या कागदी लिंबाला पोपटी पालवी फुटली की लाइम बटरफ्लायची मादी घिरट्या घालू लागते. पान पायांनी चाचपते आणि एका वेळी एकच अंडं ठेवते: पिवळसर, गोल, जेमतेम एक मिलिमीटरचं. कढीपत्त्यावर कॉमन मॉरमॉन मिळतं, अशोकावर टेल्ड जे. लाइम बटरफ्लाय स्वॅलोटेलच्याच कुळातलं, पण त्याला शेपूटच नाही!

अंडी आणायची की मोठ्या अळ्या, हे आधी ठरवावं. मादी उठताच उचललेल्या अंड्याला परोपजीवी माशी (दुसऱ्याच्या अंड्यात किंवा अळीत वाढून त्याला मारणारी) सहसा गाठत नाही, त्यामुळे वाढीचा काळ मोजायला तीच बरी. झाडावर किती मरतात हे बघायचं असेल तर मोठ्या अळ्या आणि कोष आणावेत, कारण शत्रूंनी आपलं काम तोवर उरकलेलं असतं. दोन्हींची नोंद मी एका वहीत करत नाही. डब्यात वाढवलेल्या अळ्यांपैकी किती जगल्या, हा आकडा झाडाला लावणं चूकच. अंडं फुटायच्या आदल्या दिवशी आतल्या अळीमुळे डागाळलेलं दिसतं. सगळं एकसारखं काळं पडून तसंच राहिलं तर आत बहुधा परोपजीवी आहे. तेही टाकू नका, बंद कुपीत ठेवा.

उन्हाळ्यात अंडं तीन-चार दिवसांत फुटतं. अळी आधी अंड्याचं कवच खाते, ते खाऊ द्यावं. पहिल्या दोन अवस्थांत (एक कात ते पुढची कात म्हणजे एक अवस्था) छोटा झाकणाचा डबा, तळाला टिश्यू पेपर, वर कोवळं पान. टिश्यू ओलसर चालतो, ओला नाही. झाकणाला जमलेल्या थेंबात एवढीशी अळी बुडून मरते. पुढे फांदी पाण्याच्या बाटलीत ठेवली तर बाटलीचं तोंड कापसाने घट्ट बंद करावं, नाहीतर अळ्या दांड्यावरून उतरत थेट पाण्यात जातात. लेंड्या रोज काढाव्यात. दमट डब्यात गर्दी झाली की अळ्या ढिल्या पडून काळ्या होतात, आणि एक गेली की मागोमाग बाकीच्या जातात. अशी अळी लगेच बाजूला करून डबा धुऊन उन्हात वाळवावा.

अळी बोटांनी नव्हे, मऊ कुंचल्याने उचलावी. शक्यतो पानासकटच हलवावी. खाणं थांबवून, मान फुगवून ती एका जागी बसली असेल तर कात टाकायची तयारी चालू आहे. तेव्हा तिचे पाय रेशमाच्या गादीत रुतलेले असतात. ओढलं तर कात अडकून अळी मरते. कात ती खाऊन टाकते, पण डोक्याची टोपी, म्हणजे डोक्यावरचं कडक कवच, बहुधा मागे राहते. ती तारखेसह जपून ठेवा. लांबी ताणली-आखडली जाते; टोपीची रुंदी मात्र फसवत नाही, अवस्था तिच्यावरूनच ठरवायची. पहिल्या चार अवस्था पक्ष्याच्या शिटेसारख्या दिसतात, पाचवी हिरवी. डिवचलं की डोक्यामागून नारिंगी-तांबडं दुफाटं शिंग काढते, उग्र वास येतो. फोटोसाठी पुन्हा पुन्हा डिवचू नये.

खाद्याच्या बाबतीत सगळ्यात मोठा धोका फवारणीचा. नर्सरीतल्या रोपात आंतरप्रवाही, म्हणजे झाडाच्या आत भिनणारं, औषध असेल तर पान कितीही धुवा, उपयोग नाही. तासगावकडे ऑक्टोबर छाटणीनंतर द्राक्षबागांवर फवारण्या सुरू असतात. शेजारच्या लिंबाची पानं मी त्या काळात घेत नाही. नवीन झाडाचं पान आधी एखाद-दोन अळ्यांनाच घालून दिवसभर थांबावं.

किती खाल्लं हे मोजताना पानाचं वजन आधी-नंतर करतातच, पण अळीशिवायचं एक पान तसंच बाजूला ठेवावं लागतं. पाणी उडूनही वजन घटतं; ती घट वजा केली नाही तर अळी आहे त्याहून खादाड ठरते. बहुतेक सगळं खाणं पाचव्या अवस्थेत होतं, त्यामुळे तेव्हा पाला कमी पडू देऊ नका.

मग एके दिवशी पातळ विष्ठा पडते आणि अळी सैरभैर फिरू लागते. तिला पेन्सिलएवढी खरबरीत काडी तिरकी लावून द्या. शेपटाकडे रेशमाची गादी, कमरेला धागा बांधून साधारण दिवसभरात ती कोष करते. हिरवा की तपकिरी, हे काडीच्या रंगावर आणि पोतावरही अवलंबून असतं. त्याची वेगळी नोंद ठेवा. धागा तुटून कोष पडला तर कडक झाल्यावर कागदाच्या कोनात डोकं वर करून ठेवावा.

उबदार दिवसांत आठ-दहा दिवसांनी, बहुधा सकाळी, फुलपाखरू बाहेर येतं. पंख खाली लोंबायला मोकळी जागा लागते. डबा अरुंद असला तर पंख चुरगळलेलेच वाळतात. थंडीत कोष बराच लांबतो, साताऱ्याकडच्या डोंगराळ भागात तर अधिकच. तो मेला समजून दाबून बघू नका, दर आठवड्याला वजन करा. जिवंत कोष अगदी हळू हलका होतो. झपाट्याने हलका झाला आणि बारीक भोक दिसलं, तर डब्यात इवल्याशा गांधीलमाश्या शोधा आणि नोंद परोपजीवींच्या वहीत करा.